मंगळवारचा हात

सिस्टरच्या टेबलावर काडीने त्या सकाळी तिसऱ्यांदा हात ठेवला, तेव्हा डोक्याचा रुमाल सोडून तिने खांद्यावर टाकला होता. पहिल्या वेळी रुमाल कपाळापर्यंत ओढला होता, दुसऱ्या वेळी रांगेतल्या एका म्हातारीची शाल घटकाभर मागून घेतली होती. खरं तर एवढ्या सोंगाची गरजच नव्हती. सिस्टर वर बघत नव्हती. दवाखान्याच्या बोळातली रांग दारातून वाहत रस्त्याला लागली होती, आणि सिस्टरपुढे माणसं येतच नव्हती, नुसते हात येत होते. जाडे हात, सुरकुतलेले हात, साबणाने सोललेले, वाफेने भाजलेले. ती पट्टा गुंडाळायची, फुगा दाबायची, ऐकायची, लिहायची.

"एकशे चौदा, बहात्तर. पुढचा."

कार्ड थोरल्या जावेचं, थोरलीचं होतं. हात काडीचा होता.

यात कुणाला लबाडी वाटत नव्हती. धुलाईखान्यात याला 'हात देणं' म्हणायचे, जसं पाणी देणं, जसं भरलेली पाटी उचलायला खांदा देणं. मोठमोठ्या हॉटेलांच्या चादरी तिथे धुऊन, वाळवून, रुळाखाली कडक इस्त्री होऊन निघत. तीस बायका कामाला, आणि यंत्रं थांबू नयेत म्हणून प्रत्येकीची सुट्टी वेगळ्या वारी. दवाखान्यात प्रेशर बघायचे ते फक्त मंगळवारी, तेही दुपारी बाराच्या आत. मोजल्याशिवाय गोळ्या मिळत नव्हत्या, आणि रजा टाकली की मुकादम नाव कापायचा. मग जिची सुट्टी मंगळवारी, तिने महिन्यातून एकदा बाकीच्यांची कार्डं न्यायची, आपला हात पुढे करायचा आणि गोळ्या घेऊन यायच्या. आजवर ते काम आत्या करायची. आत्या कुणाचीच आत्या नव्हती, म्हणून सगळ्यांची होती. चार महिन्यांपूर्वी ती धुण्याच्या हौदापाशी कोसळली. तेव्हापासून ती खाटेवर होती, तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात उशीवर ठेवला तर ठेवला तिथेच. तिची मंगळवारची सुट्टी काडीला मिळाली. सुट्टीबरोबर तीन कार्डंही आली: एक थोरलीचं, एक फाटक्या चादरींना टाके घालणाऱ्या टाकेवालीचं, आणि एक हौदात साबण कालवणाऱ्या साबणवालीचं.

काडी बावीस वर्षांची, नावासारखीच सडसडीत. जिने चढताना तिला धाप म्हणून माहीत नव्हती.

आतल्या खोलीत डॉक्टरांनी कार्ड उलटलं. मागच्या तीन महिन्यांचे आकडे बोटाने खालपर्यंत वाचले.

"वा! छान आटोक्यात आलंय. चक्कर येते?"

"नाही."

"डोकं दुखतं? डोळ्यांपुढे अंधारी?"

"नाही हो."

"मग ही पिवळी गोळी बंद. पांढरी अर्धी करून घ्या, सकाळी. मीठ कमीच ठेवा. पुढचा पाठवा."

काडी बाहेर आली ती पाऊल हवेत असल्यासारखी. तिन्ही कार्डांवर कमी-जास्त तेच झालं होतं. टाकेवालीची तर गोळी पार बंदच. एवढी चांगली बातमी घरी न्यायची म्हटल्यावर तिने रस्ता धावतच ओलांडला.

* * *

घर म्हणजे एक खोली. काडीचा नवरा लांबच्या गाडीवर ड्रायव्हर, वीस दिवसांनी दोन दिवस घरी. त्याचा मोठा भाऊ, थोरलीचा नवरा, वारून सहा वर्षं झालेली. म्हणजे खोलीत राहायच्या त्या दोघी जावाच. लग्न होऊन आली तेव्हा काडीला धड रॉकेलचा स्टोव्हही पेटवता येत नव्हता. स्टोव्ह पेटवण्यापासून मुकादमाला तोंडावर उत्तर देण्यापर्यंत सगळं तिला थोरलीने शिकवलं. सासू नव्हती, आई लांब होती. थोरलीच्या एका अंगाला सासू होती आणि एका अंगाला आई.

"अर्धी?" थोरलीने गोळ्यांची पुडी तळहातावर झेलून बघितली. "म्हणजे अर्धी बरी झाले मी!"

"आणि पिवळी बंद."

"बंद? अगं, त्या पिवळीनं माझे पाय सुजून खांब व्हायचे. सुटले बाई!" तिने काडीच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. "तुझा हात लागला आणि माझं दुखणं पळालं. आत्या बिचारी इतकी वर्षं जायची, पण गोळ्या काही कमी झाल्या नाहीत कधी."

"माझा हातच तसा आहे," काडी फुशारकीने म्हणाली.

आणि दोघी हसल्या.

दोघींपैकी एकही खुळी नव्हती. चादरींच्या गठ्ठ्यात एक कमी असली तर थोरली नुसत्या उंचीवरून सांगायची. तरी ही एवढी मोठी गोष्ट दोघींच्या डोळ्यांपुढून गेली आणि कुणाला दिसली नाही. कार्डावर थोरलीचं नाव होतं. त्याखाली सरकारी शाईत आकडा होता. छापील कागदावर लिहिलं की ते अंगाला लागू झालं, असंच दोघींना वाटत आलं होतं. शनिवारपासून तर थोरलीने अर्धी गोळीही सोडली. "आकडा एवढा गुणाचा, मग उगाच कशाला पोटात औषध?" म्हणाली.

* * *

नवव्या दिवशी, गुरुवारी, जेवणाच्या सुट्टीआधीची गोष्ट.

रुळातून चादर तापून बाहेर पडते तेव्हा दोघींनी तिचे दोन-दोन कोपरे धरायचे, मागे सरून ताण द्यायचा, मग एकमेकींकडे चालत येऊन कोपऱ्याला कोपरा लावायचा. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. दिवसाला चारशे चादरी. हे चालणं गाण्याशिवाय होत नाही. थोरली तर जन्माचीच गाणारी. ती चालता चालता ओळी जुळवायची आणि रुळाच्या घरघरीवर सगळ्या बायका मान डोलवायच्या.

"रूळ गं तापला, वाफेचा झाला धूर,
मुकादम ओरडतो, त्याची बायको गेली दूर!"

"ऐकतोय हां मी," मुकादम तिकडून म्हणाला.

"मग खरंय की नाही ते सांगा!" टाकेवाली ओरडली, आणि हशा पिकला.

पुढची चादर आली. थोरलीने कोपरे धरले, मागे सरली, पुढे निघाली.

"चादर गं आली आली, धर पोरी तिचा काठ,
कुणाची गं... कुणाची गं..."

ती थांबली. ओठ हलत राहिले. "कुणाची गं ताट... ताट... वाटी..."

बायका खो खो हसल्या. थोरली काहीतरी नवं सोंग काढतेय असं त्यांना वाटलं. काडीही हसली. समोरून थोरली चालत येत होती, तिचे डोळे काडीवर होते, पण काडीला ओळखत नव्हते. मग तिच्या उजव्या हातातला कोपरा सुटला. तिने सोडला नाही, तो सुटला. आणि सुटल्याचं तिला कळलंही नाही. पांढरीशुभ्र चादर ओल्या फरशीवर पसरत गेली.

"अगं ए, हात मोडले का?" मुकादम गरजला.

मिनिटभर, फार तर दोन मिनिटं. मग थोरलीने डोळे मिटले, उघडले, हाताची मूठ वळली, उघडली. "वाफ गेली गं डोळ्यांत," ती म्हणाली. आवाज तिचाच होता. "धर, पुन्हा धुवायला टाक ती."

काडीने वाकून चादर गोळा केली. तिने मनाला समजावलं: काही नाही, वाफच असेल, ताईंचं प्रेशर तर छान आहे, एकशे चौदा, बहात्तर.

आणि वाकलेली ती तशीच राहिली.

कुणाचं एकशे चौदा?

कोपराच्या वर, जिथे पट्टा आवळला गेला होता, तिथे तिला आत्ता कुणीतरी धरल्यासारखं झालं. हात माझा होता. डॉक्टरांनी विचारलं, चक्कर येते का, तेव्हा मी माझ्यापुरतं नाही म्हणाले. आत्याच्या अंगात प्रेशर होतं, तिच्या हातावर चढा आकडा यायचा, म्हणून तिच्या आकड्यावर सगळ्यांना गोळ्या मिळत होत्या. मी धडधाकट निघाले, आणि सगळ्यांच्या गोळ्या काढून घेतल्या.

जेवणाच्या सुट्टीत ती टाकेवालीपाशी जाऊन बसली.

"मावशी, तुमची गोळी बंद झाल्यापासून कसं वाटतंय?"

"बरं की."

"डोकं?"

"ते दुखतं जरा मागून. कुणाचं दुखत नाही इथं?" टाकेवालीने सुईत दोरा ओवला, एकदा चुकला, दुसऱ्यांदा चुकला. "हल्ली दोरे दोन दिसतात मेले. का गं?"

काडीने सांगितलं. अडखळत, घास हातातच ठेवून. टाकेवालीची सुई थांबली. तिने आधी मुकादमाकडे बघितलं, मग काडीकडे.

"हे बघ पोरी, तोंडाला कुलूप लाव. दवाखान्यात कळलं तर तिन्ही कार्डं फाडून हातात देतील. आत्ता निदान दार तरी उघडं आहे. पुढच्या मंगळवारी दुसऱ्या कुणाचा तरी हात देऊ. थोडं प्रेशर असलेली बघू एखादी."

ती हे गंमत म्हणून बोलत नव्हती. काडीने हातातला घास डब्यात परत ठेवला.

* * *

घरी जाताना काडीने थोरलीला कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे ओढलं. त्याच्याकडे मोजायचं यंत्र होतं. औषधवाल्याने ते खोक्यातून काढून बटण दाबलं, हलवलं, पुन्हा दाबलं. "सेल संपलेत," म्हणाला. "सोमवारी या."

खोलीत आल्यावर थोरली चिडली. "काय लावलंयस हे? डॉक्टर म्हणाला ना, छान आहे?"

"कुणाला म्हणाला?"

"कुणाला म्हणजे? मला."

"तुम्ही होता कुठं तिथं, ताई?" काडीचा आवाज फाटला. "मला म्हणाला. माझा आकडा बघून मला म्हणाला, छान आहे."

थोरली भाजी निवडत होती. तिची बोटं देठावर थांबली. तिच्या तोंडावर आधी हसू आलं, कारण सवयच तशी होती तिची. मग ते हसू कुठे ठेवावं ते तिला कळेना.

"मग माझं किती असेल गं?"

काडीने कार्डाचं पहिलं पान काढलं. पहिला आकडा थोरलीचा स्वतःचा, तोही पावणेतीन वर्षांपूर्वीचा. नवरा गेल्यावर बरीच वर्षं डोकं चढायचं, म्हणून ती एकदा रजा टाकून गेली होती तेव्हाचा. त्याखाली पानंच्या पानं आकडे होते. आधी आत्याचे, मग काडीचे. थोरलीच्या हाताला पावणेतीन वर्षांत पट्टा लागलाच नव्हता. तिच्या रक्ताचा जोर किती, हे या जगात कुणाला ठाऊक नव्हतं.

"उद्या जाऊ," काडी म्हणाली.

"उद्या शुक्रवार. मंगळवारी जाईन मी, रजा टाकून. शब्द देते."

"मंगळवारला पाच दिवस आहेत."

"पावणेतीन वर्षं काढली, पाच दिवसांनी काय होतंय?" थोरलीने अर्धी गोळी पाण्याबरोबर घेतली, घाईघाईने, चोरून खाल्ल्यासारखी. मग हळूच विचारलं, "आत्याला आधी काय झालं होतं गं? पडायच्या आधी?"

काडीला ठाऊक होतं. आत्याच्या हातून आधी आठवडाभर वस्तू पडत होत्या. टमरेल, किल्ली, साबणाची वडी. सगळ्या तिला धांदरट म्हणून हसायच्या.

"मला काय माहीत," काडी म्हणाली.

* * *

सकाळी दोघी कामावर निघाल्या. थोरली पुढे, काडी मागे. गल्ली अरुंद, एकामागे एकच चालता येईल अशी. काडीची नजर थोरलीच्या पाठीवरून हटत नव्हती. नीट चालतेय. मान सरळ आहे. खांदे सारखे आहेत. मग काडीच्या पायाला काहीतरी लागलं.

थोरलीची चप्पल. उजव्या पायातली.

काडीने वर बघितलं. थोरली आठ-दहा पावलं पुढे गेली होती. एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, नळाच्या चिखलातून, खड्यांवरून, आणि तिला पत्ताच नव्हता.

"ताई."

"काय गं?"

"चप्पल."

थोरलीने खाली पायाकडे बघितलं. कुणी दुसऱ्याचा पाय तिच्या साडीखाली आणून ठेवल्यासारखं बघितलं. मग काडीकडे. काडीने चप्पल उचलून हातात घेतली.

"दवाखान्यात चल," काडी म्हणाली. अहो-जाहो कधी गळून पडलं तिचं तिलाच कळलं नाही.

"मुकादम..."

"मुकादम गेला खड्ड्यात! तू चल."

तिने थोरलीचा हात आपल्या खांद्यावर घेतला. थोरली जड नव्हती, पण उजव्या बाजूने ती ओल्या चादरीसारखी लोंबत होती. रस्त्यातली माणसं बाजूला होत होती. एकजण म्हणाला, "सकाळी सकाळीच घेतली वाटतं." काडीने त्याच्याकडे बघितलंही नाही. नळ, पिठाची गिरणी, सायकलवाल्याचं दुकान. रोजचा दहा मिनिटांचा रस्ता संपता संपेना.

शुक्रवार लहान मुलांच्या लशींचा वार. दवाखान्याचा बोळ रडण्याने भरून गेला होता. सिस्टर तीच, मंगळवारची.

"प्रेशरचा वार मंगळवार," ती खाली मान घालूनच म्हणाली.

"सिस्टर, बघा ना जरा. हिचा पाय..."

"कार्ड?" कार्डावरून तिची नजर गेली. "मागच्याच आठवड्यात तर बघितलंय. एकशे चौदा, बहात्तर. एकदम उत्तम. अशक्तपणा असेल, घरी नेऊन झोपवा."

आता फक्त मागे वळायचं होतं. तिन्ही कार्डं शाबूत राहिली असती, टाकेवालीचा शब्द राहिला असता. शेजारी थोरली भिंतीला टेकली होती आणि डाव्या हाताने उजवा हात धरून उभी होती.

"तो हात माझा होता," काडी म्हणाली.

"काय?"

"तो आकडा हिचा नाही. माझा आहे. तीन महिने मीच येतेय. तीन कार्डांवर माझाच हात आहे." ती रडत होती, पण शब्द स्पष्ट येत होते. "काय शिक्षा करायची ती मला करा. पण हिला मोजा आधी."

सिस्टरने वर बघितलं. पहिल्यांदाच. ती काडीपेक्षा फार मोठी नव्हती, आणि डोळे जागरणाने लाल झाले होते. तिने हातातली सुई ट्रेमध्ये ठेवली. एका आईला म्हणाली, "जरा थांबा." थोरलीला खुर्चीत बसवलं. पट्टा गुंडाळला, फुगा दाबला, ऐकलं. मग पट्टा पुन्हा फुगवला, आधीपेक्षा जास्त. दुसऱ्या हाताला बांधला. काडीसमोर कार्डावर आकडा लिहिला. उठली तशी तिची खुर्ची मागे आडवी पडली, ती उचलायलाही ती थांबली नाही.

डॉक्टर स्वतः बाहेर आले.

"दोन्ही हात पुढे करा. असे. डोळे मिटा."

थोरलीने हात पुढे केले. डावा राहिला. उजवा हळूहळू खाली येऊ लागला, दिवस मावळावा तसा, कुणी न ढकलता. मिटल्या डोळ्यांनी थोरलीला वाटत होतं की दोन्ही सारखेच आहेत.

"गाडी बोलवा. मोठ्या दवाखान्यात. आत्ताच्या आत्ता." मग ते काडीकडे वळले. "मंगळवारी कोण आलं होतं?"

"मी."

"मी विचारलं होतं, चक्कर येते का म्हणून. नाही म्हणालात?"

"मला येत नव्हती," काडी म्हणाली. "माझ्याकडं बघूनच तर लिहिलंत तुम्ही."

बोळात एक मूल सूर धरून रडत होतं.

"बघून नाही लिहिलं," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले.

गाडी येईपर्यंत सिस्टरने थोरलीला बाकावर आडवं केलं, आणि वही घेऊन काडीपाशी आली. "बाकीची दोन कार्डं कुणाची? भिऊ नको, फाडत नाही मी."

काडीने सांगितलं. टाकेवालीला दोरे दोन दिसतात, तेही सांगितलं. सिस्टरने तिथूनच धुलाईखान्यात फोन लावला, दोघींना लगेच पाठवा म्हणाली. पलीकडचा मुकादमाचा आवाज काडीला इथपर्यंत ऐकू आला. रूळ चालू आहे, दुपारी बघू. "दुपारपर्यंत ती बाई पडली तर तुमच्या नावानं लिहीन," सिस्टर म्हणाली आणि पुन्हा पहिल्यापासून बोलू लागली.

गाडीत थोरलीला सरकवलं. काडी शेजारी गुडघ्यांवर बसली. दार लागलं. गाडीच्या एका काचेतून रस्ता उलटा पळायला लागला.

"किती आलं गं?" थोरलीने विचारलं. शब्द जाड झाले होते, लोकरीत गुंडाळल्यासारखे.

काडीला वाटलं, कमी सांगावं. दीडशे सांगावं. मग वाटलं, आजवर हिला नुसते दुसऱ्यांचेच आकडे सांगितलेत.

"वरचं दोनशे अठरा. खालचं एकशे तीस."

"माझंच ना?"

"तुझंच, ताई."

थोरलीने मान हलवली. बोलताना तिच्या ओठांचा उजवा कोपरा हलला नव्हता. काडीने ते पाहिलं, आणि पुढच्या काचेवर दोन्ही तळवे आपटत ती ओरडली, "दादा, जोरात हाणा हो! जोरात!"